थोरलीचं पाणी

माझी थोरली जाऊ जेवून उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "आमटी छान झाली होती हो."

ह्याला काय वागणं म्हणायचं? मी ह्या घरात सून म्हणून आले त्या दिवसापासून तिने माझ्या हातचं खाल्लं आणि एकदाही त्याला बरं म्हटलं नाही. मीठ कमी, कोकमं जास्त, खोबरं करपवलंस, तुझ्या आवशीन तुका वाटप वाटूक शिकवल्यान नाय काय! हे ऐकल्याशिवाय आमच्या घरात कुणाचा घास उतरत नसे. आणि त्या दिवशी, इतक्या वर्षांनी त्याच पाटावर बसून, काळ्या वाटाण्याची आमटी भुरकून, ही म्हणते छान झाली. वर आणि 'हो' लावते.

त्या आमटीत मी मीठच घातलं नव्हतं. मुद्दाम.

आमचे हे पहिल्या घासाला माझ्याकडे बघत राहिले. माझ्या रघुवीरने गुपचूप मिठाची वाटी ओढली. थोरलीचा दिनानाथ घोट घोट पाणी प्यायला. आणि ही बया ताट चाटूनपुसून उठली.

"अळणी होती," मी म्हटलं.

"असू दे हो. आता वयाला अळणीच बरं."

मला गप्प करणारी बाई गावात नव्हती, ते तिने एका वाक्यात केलं. मला वाटलं, हिच्या मनात काहीतरी आहे. माणूस उगाच गोड होत नाही. हिला काहीतरी हवंय.

आमचं गाव आंबेखोल. गावाच्या पोटातून ओढा जातो, आम्ही त्याला व्हाळ म्हणतो. व्हाळाच्या अलीकडे गोवा आणि पलीकडे हिंदुस्थान, हे आम्हाला शिपायांनी सांगितलं म्हणून कळलं. गावाची देवी एक, मसण एक, भांडणं एक. आमची गुरं सकाळी हिंदुस्थानात चरायला जायची आणि संध्याकाळी पोर्तुगालात येऊन रवंथ करायची. त्यांना कुणी काही विचारत नसे.

मग सत्याग्रह्यांचं वर्ष आलं. माझ्या थोरल्या दिरांनी दोन पोरांना आमच्या गोठ्यात लपवून जेवू घातलं. पोर्तुगिजांना आम्ही पाखले म्हणायचो. त्या पाखल्यांच्या कानावर गेलं. दीर, थोरली आणि दिनानाथ अंगावरच्या कपड्यांनिशी व्हाळ उतरून पलीकडे गेले आणि तिच्या मावशीच्या पडवीत राहिले. नंतर दोन्ही बाजूंनी बंदूकवाले बसले आणि जाणं-येणं बंद झालं. व्हाळ तो केवढा? उन्हाळ्यात मांजर उडी मारून जाईल एवढा. पण थोरलीचं घर अलीकडे आणि थोरली पलीकडे.

आमचं भांडण मात्र कुठल्याच सरकारला अडवता आलं नाही. धुण्याच्या धोंडी दोन्ही काठांना समोरासमोर होत्या. ती तिकडे कपडे आपटायची, मी इकडे.

"गो भागिर्थी! माझ्या परसातले नीरफणस कोणी काढल्यान?"

"मी काढलंय! तुका हाक मारलेलंय, तू ओ दिलंस नाय!"

"माझी म्हस आटवलंस काय गो मेले?"

"तुझी म्हस तुझ्यासारखीच! लाथ मारता आणि वर हंबारता!"

अलीकडचा पाखलो शिपाई बंदूक मांडीवर घेऊन ऐकत बसायचा, पलीकडचा हवालदार विडी ओढायचा. हवालदार घाटावरचा, त्याला अर्धंमुर्धं कळे. पाखल्याला काहीच नाही. पण जिंकलं कोण, ते दोघांनाही बरोबर समजायचं. मी जिंकले की पाखलो टोपी काढून डोकं खाजवायचा आणि हसायचा.

आणि सगळ्यात मोठं भांडण होतं ते पाण्याचं.

आमच्या देवीची पालखी वर्षातून एकदा घरोघर फिरते. आमच्या अंगणात आली की खळ्याच्या कडेला थांबते. गावाचा मुख्य मानकरी म्हणजे गावकर विचारतो, "थोरल्या घराचां पाणी कोणाचां?" घराची थोरली सून पुढे होते, "माझां" म्हणते आणि तांब्याच्या कळशीने पालखीच्या वाटेवर पाणी घालते. त्या ओल्या मातीवरून देवी आत येते. आधी उत्तर, मग पाणी, मग पाऊल. त्याशिवाय भोई हलत नाहीत. ज्या बाईचं पाणी असेल तिला ते दुसरीला देता येतं, पण पालखीसमोर एकदा दिलं की ते परत येत नाही.

ते पाणी मला हवं होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, मी कधी लपवलं नाही. थोरली कळशी अशी उपडी करायची जशी काय गुरांना पाणी दाखवतेय. मी मागे उभी राहून म्हणायची, देवी चिखलातून येता हां वयनी. ती म्हणायची, तुझी पाळी इली काय तू गुलाबपाणी शिंपड.

ती पलीकडे गेली आणि पालखी आली तेव्हा कळशी माझ्या हातात आली. गावात बायका म्हणाल्या, भागिर्थीचं नशीब, पाखल्यांनी तिला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी व्हाळावर थोरली कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"घातलंस गो पाणी? निवलंस?"

"निवलंय!" मी ओरडले.

असं दरवर्षी. पालखीच्या दुसऱ्या दिवशी ती विचारायची, निवलंस? मी सांगायची, निवलंय.

मग एका पावसाळ्यानंतर ती धोंडीवर दिसेना. पलीकडच्या बायकांनी ओरडून सांगितलं, दिनानाथ मॅट्रिक झाला, त्याला कोल्हापुरात नोकरी लागली, आई-बापाला घेऊन गेला. मी कपडे धुवून घरी आले. दुसऱ्या दिवशी परत गेले, तर त्या पाखल्याने भुवई उडवून पलीकडे बोट दाखवलं आणि हात उलटा केला, खंय गेली? मी त्याला आमच्या भाषेत सांगितलं, "मेलास तू." तो हसला. त्याला वाटलं, भांडण सुरू झालं.

पाखलेही पुढे गेले. वरून विमानं गेली, पाखल्यांनी नेमलेल्या गावच्या अंमलदाराने, रेजिदोराने, झेंडा खाली घेतला आणि व्हाळाच्या दोन्ही काठांची माणसं पाण्यात उतरून एकमेकांच्या गळ्यात पडली. मीसुद्धा काठावर गेले. सगळ्यांची माणसं येत होती. कुणाची मुलगी, कुणाचा भाऊ, कुणाची मावशी. मी थोडा वेळ उभी राहिले आणि गुरांना पेंढा घालायचा होता म्हणून घरी आले.

त्यानंतर सगळं भराभर बदललं. दुकानातला परदेशी साबण गेला, स्वस्त कापड गेलं, तांदूळ महागला. मोटारी येऊ लागल्या. पणजीत कचेऱ्या भरल्या, पण त्यात आमची माणसं नव्हती. इंग्रजी-मराठी येणारी हवी होती, ती सगळी पलीकडून आली. माझा रघुवीर पोर्तुगीज शिकला होता. रेजिदोराच्या कचेरीत बसायचा, खिशाला पेन लावायचा, त्याच्यापुढे बापाच्या वयाचे लोक उभे राहायचे. एका सकाळी तो उठला आणि अडाणी झाला. मला निदान मराठी बाराखडी जोडून वाचता यायची. तो देवळाच्या पायरीवर बसून पाटी वाचायचा, बोट ठेवून, लहान पोरासारखा.

आणि दिनानाथ? तो कोल्हापूरहून बदली होऊन पणजीला आला. बांधकाम खात्यात साहेब. सगळे म्हणाले, भागिर्थी, तुमचा पुतण्या साहेब झाला. मी म्हटलं, झालो तर झालो.

पणजी आमच्यापासून कितीशी लांब? सकाळी बसलं तर दुपारच्या जेवणाला पोचतं माणूस. थोरली पणजीत येऊन वर्ष झालं तरी आली नव्हती. मी निरोप पाठवला नाही. मी कशाला पाठवू? तिचंच घर. आपल्या घरी यायला निरोप लागतो?

पण त्या वर्षी पालखीच्या आदल्या दिवशी कुणीतरी सांगितलं की ती येतेय. मी तिची खोली काढली. इतकी वर्षं त्या खोलीत मी सुकं खोबरंसुद्धा ठेवलं नव्हतं. शेणाने सारवली, रांगोळीचा कणा घातला, नवी चटई आणली. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "रवतली काय ती?"

"कोणी इचारल्यान तुमका?" मी म्हटलं.

ती आली ती अशी. बसमधून उतरली, हातात नायलॉनची पिशवी, पायात चपला, मागे दिनानाथ चष्मा लावून. अंगणात येऊन थांबली. मी ओटीवर उभी. मी वाट बघत होते, आता म्हणेल, खळां सारवलंस काय सोंग केलंस? तोंडात उत्तर तयार ठेवलं होतं.

ती म्हणाली, "बरी आहेस ना गं? किती वर्षांनी!"

मग ओटीवर चढून खुर्चीवर बसली. आमच्या घरात खुर्ची आलेल्या साहेबासाठी असते. पिशवी खुर्चीच्या पायाशी ठेवली आणि विचारलं, "पाय धुवायला पाणी कुठे आहे हो?"

ज्या विहिरीचा गाळ तिने स्वतः उभं राहून काढून घेतला, त्या विहिरीच्या वाटेकडे मी बोट दाखवलं.

जेवणाआधी दिनानाथ रघुवीरला म्हणाला, "काय करतोस सध्या?"

"काय नाय."

"इकडच्या मुलांची पंचाईतच झालीय. भाषाच नाही ना." तो काही वाईट मनाने बोलला नाही. साहेब लोक तसेच बोलतात, पाऊस पडतोय म्हणावं तसं. "आमच्या रस्त्याच्या कामावर मुकादम हवाय. मजुरांवर लक्ष ठेवायचं. लिहिण्याचं काम नाही. उद्या चल आमच्याबरोबर."

रघुवीरने खिशातलं पेन चाचपलं. "येतंय," म्हणाला.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. पण विचारायला हवं होतं.

तर अशी सकाळ झाली आणि मग ती आमटी. जेवणं आवरल्यावर मी कळशी काढली. चिंच लावून घासून ठेवली होती, तोंड दिसेल अशी. चुलीपाशी थोरली भिंतीला टेकून बसली होती. तिच्यापुढे नेऊन ठेवली.

"ही धर. तिन्हीसांजेक पालखी येतली."

"तूच घाल की."

"मी कित्याक? थोरली कोण?"

"आता काय थोरली आणि धाकटी. इथलं सगळं तुम्हीच तर सांभाळलंत."

मी मागे वळून पाहिलं, माझ्यामागे आणखी कुणी उभं आहे का म्हणून. ती मला 'तुम्ही' म्हणत होती.

"वयनी, सरळ बोल," मी खाली बसले. "वाटणी होयी?"

"छे गं."

"बागायतीतले माड?"

"नकोत."

"दिनानाथाक घर बांधूक जागो?"

"त्याला सरकारी क्वार्टर आहे. नळ घरातच आहे."

"मग इलंस कित्याक?"

"जत्रेला आले."

"आपल्या अंगणात देवी येता तेका कोण जत्रा म्हणता गो?"

ती हसली. दुखावलेल्या माणसाला हसतात तसं, समजून घेऊन. "भागिर्थी, मी भांडायला नाही आले."

"तुझी खोली सारवलंय."

"अगं, कशाला त्रास घेतलास? आम्ही ओटीवरच पडू. सकाळची बस आहे."

तिने ती कळशी उचलावी, बुडाला काळं राहिलंय म्हणून मला चार शब्द सुनवावेत आणि ती नायलॉनची पिशवी आत नेऊन खोलीत ठेवावी, एवढंच मला हवं होतं. रघुवीर जाणार हे ठरलं होतं. आमचे हे दिवसभर बागायतीत, बोलले तर गुरांशी. पण मागायचं कसं? मी जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. तिच्याकडे तर नाहीच नाही. तिच्याकडून मी जे घेतलं ते भांडून घेतलं आणि तिने माझ्याकडून तसंच.

मी कळशी पुन्हा तिच्याकडे सरकवली. "गावकर इचारतलो. तुकाच उत्तर देवचां लागतला. मी बोलूचंय नाय."

"देईन ना," ती म्हणाली. "मी ठरवूनच आलेय."

माझ्या जिवात जीव आला. उत्तर देईन म्हणाली. मला काय ठाऊक, काय ठरवून आलीय.

ऊन उतरलं तसा ढोल वाजायला लागला. अंगणात पलीकडची-अलीकडची सगळी माणसं. पालखी खळ्याच्या कडेला थांबली. भोयांच्या खांद्यांवर घाम. आमचे गावकर शाणू गांवस, म्हातारे, काठीला टेकून पुढे आले. थोरलीला बघून त्यांचे डोळे बारीक झाले, ओळख पटली आणि तोंडभर हसले. मग आवाज चढवून विचारलं,

"थोरल्या घराचां पाणी कोणाचां?"

थोरली पुढे झाली. कळशी तिच्या हातात होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"भागिर्थीचं. माझं नाही. आजपासून भागिर्थीचं."

आणि मागे वळून कळशी माझ्या हातात दिली. लहान पोराला खाऊ देताना असतं ना, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. तिने मला खाऊ आणला होता. आयुष्यभर जे मागत होतीस ते घे.

बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, केवढं मन! शाणू गांवस मात्र हसायचे थांबले होते.

"बाये," ते थोरलीला म्हणाले, "बघ हां. परत फिरूचां नाय ह्यां."

"मला ठाऊक आहे. तिलाच हवं होतं ना ते? इतकी वर्षं तीच घालतेय."

"ती घालता खरी," म्हातारे म्हणाले. "पण मी इचारलंय काय ती सांगता, 'थोरलीचां. थोरली पलतडीक आसा. मी नुसती घालतंय.' दर वर्साक. एकदासुद्धा 'माझां' म्हणूक नाय."

ढोलवाला थांबला होता. थोरलीने माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्याकडे पाहत होती, माझ्या घराकडे नाही.

"आता तुका बोलूचां लागतला भागिर्थी," शाणू गांवस म्हणाले. "भोये उभे आसत."

भोई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. देवीचा मुखवटा हलत होता. आमचे हे गर्दीतून हळूच म्हणाले, "बोल गो." ह्यांनी चारचौघांत मला काही सांगितलं असेल तर तेवढंच.

"माझां," मी म्हटलं.

आणि पाणी घातलं. कळशी एकदम उपडी झाली, माती नुसती चिखल झाली. मागून कुणी काही बोललं नाही. देवी त्या चिखलातून आत आली.

माणसं पांगल्यावर थोरली स्वयंपाकघरात आली. मी दिवा लावत होते. तिने दार लोटून घेतलं.

"माका कित्याक सांगलंस नाय?" तिचा कोल्हापूर-पणजीचा सगळा मुलामा गळून पडला होता. "इतकी वर्षां व्हाळार उभी रवान इचारलंय, निवलंस काय, निवलंस काय. तू 'निवलंय' म्हणून बोंबललंस!"

"भांडणात सांगतत काय असली गोष्ट?"

"मी थय पडवीत झोपान रडलंय गो. म्हटलंय, घर गेला, पाणीसुद्धा हिणा घेतल्यान."

"घेतलंय असतंय," मी म्हटलं. "माका होयाच होतां. पण तू समोर उभी रवतलंस आणि मी तुझ्या हातातसून वढून घेतलंय असतंय तर. तू नसताना घेवक मी काय चोर?"

ती चुलीपाशी बसली. बराच वेळ विस्तवात फुंकत राहिली, गरज नसताना.

"माका वाटलां तू खुशाल होतलंस," ती म्हणाली. "दिनानाथ म्हणालो, आये, काकीक काय नेवया? लुगडां घेवया? मी म्हटलंय, लुगडां नको. तिका काय होया तां माका ठाऊक आसा."

"मग रव," मी म्हटलं.

हो, राहा म्हटलं. एकदाच. तिच्याकडे न बघता, वातीची काजळी काढत म्हटलं. कुणाकडे काही मागितलं नाही असं मी म्हणते ना, तर ते एवढं सोडून.

"खोली सारवलेली आसा," मी म्हटलं.

थोरलीने विस्तव सारखा केला. "भागिर्थी, त्या पडवीत पयल्या वर्साक मी रोज सकाळी उठान ह्या घराचो धूर बघी. तुझी चूल पेटली काय म्हणून. दुसऱ्या वर्सापण. मग कोल्हापुराक गेलंय. थय चाळीत शेजारीण म्हणा, ही गोंयची निर्वासित. धूर दिसा नाय, काय नाय. एक दिवस ध्यानात इलां, काल आठवण काढूक नाय. रडान संपलां गो माझां. आता परत पयल्यापासून कोण सुरू करतलां?" ती थांबली. "थय नातू आसा. ह्यांका दमो आसा, डॉक्टर जवळ आसा. आणि खरां सांगू? माका आता विहिरीचां पाणी वढूक होवचां नाय."

ती खरं बोलत होती. खोटं बोलली असती तर मी तिला सोडलं नसतं.

त्या रात्री ती ओटीवरच झोपली.

सकाळी रघुवीरने ट्रंक बांधली. पेन खिशाला लावलं, मग काढून ट्रंकेत ठेवलं, मग परत खिशाला लावलं. आमच्या ह्यांनी त्याच्या हातात दोन शहाळी दिली आणि बागायतीत निघून गेले. मी बसपर्यंत गेले. मोटाररस्ता पलीकडेच होता, म्हणून पणजीची बसही व्हाळाच्या पलीकडे थांबायची. व्हाळावर तेव्हा नवीन साकव घातला होता, पण थोरली पाण्यातूनच चालत गेली, चपला हातात घेऊन. मी तिच्या मागून. दोन्ही काठांच्या धोंडींवर आता शेवाळ आलं होतं. नळ नव्हता आमच्याकडे, पण विहिरीवर धुवायची सोय झाली होती, व्हाळावर कोणी येत नसे.

रघुवीर चढला, खिडकीशी बसला आणि समोर बघत राहिला. दिनानाथ माझ्या पाया पडला. "काकी, या ना पणजीला. कधीही या."

थोरली शेवटी राहिली. पायरीवर एक पाय ठेवून वळली. रात्रीची थोरली पुन्हा आत गेली होती, दिवसाची बाहेर आली होती.

"येते हं भागिर्थी. फार छान झालं सगळं. खूप केलंस हो आमचं."

कंडक्टरने घंटी वाजवली. बसमधली सगळी माणसं बघत होती. बघू देत. मी आवाज खाली आणला नाही. त्या व्हाळावर मी कधीच आणला नव्हता.

"वयनी," मी म्हटलं, "पाखले होते तवसर तू पलीकडे ऱ्हवलंस, पण घरातच होतंस गो. घरातसून गेलंस ती आज."